एस-१००चं बारसं

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ असं पुण्यात कुणी सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. दिवस पुरे भरायच्या आत आलेलं, टाचेला टोचून थेंबथेंब रक्त काढलं जाणारं बाळ डोळ्यांपुढे येतं. मेंदूला इजा झाली का, हे त्या रक्तात शोधायला निघालेल्या संशोधकांच्या तोंडी एक नाव हमखास असतं: एस-१००बी. प्रथिन मेंदूचं, पण नावात मेंदूचा पत्ता नाही.

१९६५ साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्लेक मूर गुरांच्या मेंदूच्या अर्कात खास मेंदूचीच प्रथिनं हुडकत होते. त्यासाठीची जुनी युक्ती म्हणजे अर्कात अमोनियम सल्फेट घालत जायचं. हो, आपल्याकडे उसाला घालतात तेच. क्षार वाढेल तसं एकेक प्रथिन पाण्याची साथ सोडून तळाशी बसतं, नासलेल्या दुधाचा चोथा बसावा तसं. एक प्रथिन मात्र क्षार शंभर टक्के भरला तरी निवळीतच राहिलं. ‘सोल्युबल’मधला एस आणि ते शंभर, झालं बारसं! मूर यांच्याच दुसऱ्या एका प्रथिनाला १४-३-२ असं कैद्यासारखं नाव पडलं होतं. त्याचं काम कळल्यावर ते न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज झालं. एस-१००च्या नशिबी दुसरं बारसं नव्हतं. उलट तेच नाव आडनाव होऊन बसलं. आज त्या कुळात वीसहून जास्त प्रथिनं आहेत. मेंदूतल्या आधारपेशींत मुबलक असतं ते ‘बी’.

ते रक्तात उतरतं कसं? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, फार नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तदाब हेलकावला की ते फुटतं, बहुधा पहिल्या तीन दिवसांतच. पेशी दुखावल्या की त्यांतलं प्रथिन पाझरतं. १९७८ साली लु-ॲन पपाइल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोच्या आतल्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले, तर २० जणांत रक्तस्राव निघाला. पुढे सोनोग्राफीला टाळू सापडली. आजी तेल भरते तीच टाळू, कवटीतली बिनहाडाची खिडकी. १९९९मध्ये इटलीत दिएगो गात्सोलो यांच्या गटाला दिसलं की या खिडकीतून काही दिसायच्या आधीच रक्तातलं एस-१०० चढलेलं असतं.

पण हे प्रथिन चरबीत आणि कूर्चेतही असतं, आणि बाळ जितकं लवकर जन्मलेलं तितकं ते मुळातच जास्त. त्यामुळे एका आकड्यावर कुणी घाबरू नये, निर्धास्तही होऊ नये. शिवाय आईचा प्रश्न वेगळाच असतो: शाळेत जमेल ना याला?

त्याचं उत्तर रक्तात नव्हे, पुण्याच्या रास्ता पेठेत शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, पुऱ्या वजनाच्या सोबत्यांचा ९७.२. लेखन आणि गणित जड जात होतं. आईच्या शिक्षणाचा प्रभावही ठळक दिसला, आणि तो कुठल्या टाचेच्या थेंबात सापडणार? अठराव्या वर्षी १६१ जण पुन्हा तपासले गेले. पेटीतली बाळं एव्हाना मतदानाच्या वयाची झाली होती.