दक्षिणा फंड, भवानी पेठेतील तीन घरे आणि अभियंत्यांची शाळा

१/ मुळा-मुठेच्या संगमाजवळ, जुन्या भांबुर्ड्याच्या हद्दीत, एक दगडी इमारत दीडशेहून अधिक वर्षे उभी आहे. पुणेकर तिला ‘सीओईपी’ म्हणून ओळखतात. देशातील सर्वांत जुन्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांपैकी ही एक. तिचा इतिहास सहसा नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून सांगितला जातो. आज तो जरा वेगळ्या वाटेने पाहू. ही शाळा कोणाच्या पैशातून, कशासाठी निघाली आणि तिच्या विद्येचा लाभ कोणापर्यंत पोहोचला? धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ मुंबईत होतो. १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली तेथे ‘इंजिनियर इन्स्टिट्यूशन’ सुरू झाली. मोजणी व बांधकाम खात्यांसाठी एतद्देशीय तरुण तयार करणे हा तिचा हेतू होता. शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी जर्व्हिसने पंडितांच्या साह्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. म्हणजे आपल्याकडे या विद्येचे पहिले धडे मराठीतून दिले गेले होते. दशकभरात ती संस्था बंद पडली.

३/ पुढची वीस वर्षे महत्त्वाची. एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकामांसाठी स्वतंत्र खाते उभे राहिले. रस्ते, पूल, कालवे, लोहमार्ग अशी कामे एकाच वेळी निघाली. प्रत्येक कामावर विलायतेहून गोरा माणूस आणणे सरकारला परवडणारे नव्हते. उत्तरेत रुडकीला १८४७ पासून अशी शाळा चालू होती. मुंबई इलाख्यालाही तशीच गरज भासू लागली.

४/ जुलै १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. जागा : भवानी पेठेतील तीन लहान घरे. उद्देश : बांधकाम खात्यासाठी दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे. हा शब्द लक्षात ठेवावा. आराखडा साहेबाने करायचा आणि देशी माणसाने मोजमाप घेऊन मजुरांवर देखरेख ठेवायची, अशी ही विभागणी होती.

५/ या शाळेला पैसा कुठून मिळाला? दक्षिणा फंडातून. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही, तिला हळूहळू विद्येकडे वळवले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच धोरणातून.

६/ १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला : दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. अशा वातावरणात त्याच निधीतील रक्कम जरीब, कंपास आणि लोहारकामाच्या शाळेकडे वळली. श्रावणातील दानातून पूल बांधणारी माणसे घडू लागली. एका पिढीत ‘विद्या’ या शब्दाचा अर्थ किती पालटला, हे यावरून कळते.

७/ तीन घरे लवकरच अपुरी पडू लागली. नव्या इमारतीसाठी मुंबईचे दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ५०,००० रुपये दिले. ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. वास्तुरचना डब्ल्यू. एस. हॉवर्ड यांची. १८६६ मध्ये शाळा मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि एल.सी.ई., म्हणजे ‘लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनियरिंग’ या परीक्षेसाठी विद्यार्थी तयार होऊ लागले. ‘दुय्यम नोकर’ या चौकटीला पहिली फट येथे पडली.

८/ १८६५ ते १८९३ अशी अठ्ठावीस वर्षे थिओडोर कुक हे प्राचार्य होते. वसईच्या रेल्वेपुलाच्या कामावरून आलेला हा आयरिश अभियंता मनाने वनस्पतिशास्त्रज्ञ होता. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक वापरतात. संस्थेचा पसाराही तसाच वाढला. स्थापत्याबरोबर वनशिक्षण आणि शेतीचे वर्ग आले, म्हणून तिचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे मूळ याच शेतीच्या वर्गात आहे.

९/ आता १८८३ या वर्षापाशी थांबू. या एका वर्षात पुण्यात दोन गोष्टी घडल्या. म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आलेला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण एल.सी.ई.त पहिला आला. आणि जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला.

१०/ जोतीरावांना बांधकाम खाते आतून ठाऊक होते. १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते. सरकारी खात्यांत लिहित्या-वाचत्या जातींचाच भरणा आहे आणि रयतेचे दुःख तेथवर पोहोचत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ‘असूडा’त ते कालव्यांवरही बोलतात. पाणीपट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळत नाही. उपायही ते सुचवतात : प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या वाट्याप्रमाणे तोटी बसवून द्यावी. धरण उभे राहिले तरी पाणीवाटपाचा प्रश्न उरतोच, हे त्यांनी नेमके हेरले होते.

११/ विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत आले आणि पुढे पाटबंधाऱ्यांच्या कामात मुरले. खडकवासल्याचा तलाव (तेव्हाचा ‘लेक फाईफ’) पुराच्या वेळी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडे. धरणाची भिंत न उंचावता साठा वाढवायचा होता. त्यांनी तोलावर चालणारी स्वयंचलित दारे योजली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की त्या पाण्याच्याच बळाने दारे उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०३ मध्ये ती खडकवासल्याला बसली. पुढे ग्वाल्हेरजवळ तिघरा धरणावर आणि म्हैसूरला कृष्णराजसागरावरही ही पद्धत वापरली गेली.

१२/ त्यांचे दुसरे काम कमी सांगितले जाते. दख्खनच्या कालव्यांवर मुखाजवळच्या बागायतदारांचा ऊस भरपूर पाणी पिई आणि शेवटाकडच्या गावांना फारसे उरत नसे. अतिपाण्याने जमिनीही बिघडत. यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. गावोगाव ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, त्यांत पिकांचा फेरपालट करायचा आणि तेच पाणी अधिक गावांत वाटायचे. बागायतदारांनी आधी विरोध केला, पण अखेर पद्धत रुजली.

१३/ ब्लॉक पद्धत हे ‘असूडा’ला दिलेले उत्तर होते, असे समजू नये. दोघांच्या वाटा आणि भूमिका वेगळ्या होत्या. तरीही प्रश्न एकच होता : कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतात पाणी कसे पोहोचेल? एकाने तो शेतकऱ्याच्या बाजूने विचारला, दुसऱ्याने तो नकाशावर सोडवू पाहिला. अभियांत्रिकीला दोन्ही दृष्टी लागतात.

१४/ १९११ मध्ये संस्थेला ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग, पूना’ हे नाव मिळाले. एल.सी.ई.ची जागा बी.ई.ने घेतली. स्थापत्यापाठोपाठ यंत्र, विद्युत, दूरसंचार, धातुशास्त्र आणि पुढे संगणक अशा शाखा आल्या. १९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले.

१५/ या कथेला एक काळी किनार आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्या नदीकाठी धरणे बांधायला शिकवले जात होते, त्याच नदीने धरणाच्या विद्येची मर्यादा दाखवली. खडकवासला पुढे पुन्हा बांधले गेले.

१६/ २०२२ मध्ये या महाविद्यालयाचे ‘सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ’ झाले. दुय्यम नोकर घडवण्यासाठी निघालेली शाळा आज स्वतः पदव्या देते. पुढच्या वेळी संगमाजवळून जाताना ती इमारत जरूर पाहा, आणि तेथून खडकवासल्यापर्यंत जाऊन कालवाही पाहून या. जोतीरावांची तोटी आणि विश्वेश्वरय्यांचे दार, दोन्ही ध्यानात ठेवून पाहिल्यास इतिहास अधिक स्पष्ट दिसेल. धागा समाप्त.