नंदीबैलाची मान

साहेबांच्या प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ करणाऱ्याला आपण नंदीबैल म्हणतो. मान हलवणाऱ्याला काही कळत नाही, हे त्यात गृहीतच धरलेलं. माणसाला ही शिवी शोभतही असेल, पण ज्याच्यावरून ती आली त्या जनावरावर मात्र हा अन्याय आहे.

या बैलाचं कूळ दक्षिणेचं. तेलुगू मुलखात तो गंगिरेद्दु, कन्नडमध्ये कोले बसव, तमिळनाडूत ढोलाच्या आवाजावरून बूम बूम माडु. तेलुगू आणि तमिळ माणसंही होयबाला याच बैलाची उपमा देतात, म्हणजे शिवीलाही भाऊबंद आहेत. महाराष्ट्रात बैल घेऊन फिरणाऱ्या नंदीवाल्यांच्या घरची बोली तेलुगूच्याच कुळातली. त्यांच्यातले तिरमल तर नावातच तिरुमलाची खूण वागवतात. नाव बालाजीच्या डोंगराचं आणि पोट शंकराच्या वाहनावर! नंदीला याची हरकत असल्याचं ऐकिवात नाही.

या तिरमल नंदीवाल्यांचं एकत्र जमण्याचं गाव इंदापूर तालुक्यात, वडापुरी. पांगलेली कुटुंबं दर तीन वर्षांनी तिथं यायची. भांडणं मिटायची, सोयरिकी जुळायच्या. कुणी कोणत्या गावांत बैल फिरवायचा, याचेही हक्क ठरलेले असत. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसोबत या लोकांचा अभ्यास केला. 1983 साली त्यांनी तीन भटक्या जमातींच्या शिकारीच्या पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. नंदीवाले कुत्री सोडून रानडुकरामागे जायचे, वैदू लहान जनावरं सापळ्यात धरायचे आणि फासेपारधी काळविटाच्या वाटेवर फास मांडायचे. यातला पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशानं पुढे सरकायचा. काळवीट माणसाला बुजतं, गाईला नाही. काळविटाच्या डोळ्यांना काय दिसतं आणि काय खुपतं, हे ज्याला नेमकं ठाऊक आहे त्यालाच ही गाय सुचेल.

बैलाकडे परत येतो. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कवड्या, शिंगांना गोंडे. मालकाच्या खांद्याला गुबगुबी. तिच्या एका तोंडावर टिपरी पडते, दुसऱ्यावर वाकडी काठी घासली की ‘गुबूगुबू’ असा घुमारा उठतो. पाऊस पडेल का, पोराला नोकरी लागेल का, असं विचारलं की बैल मान डोलावतो. मंगेश पाडगावकरांच्या बालगीतातल्या भोलानाथाला पावसाबरोबर शाळेच्या सुट्टीचंही विचारतात, तो हाच.

1904 मध्ये बर्लिनमध्ये एका घोड्यानं असाच गाव गोळा केला होता. त्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खुरानं तेवढे ठोके द्यायचा. ‘हो’साठी मान वरखाली, ‘नाही’साठी बाजूला. तज्ज्ञांच्या समितीला लबाडी सापडली नाही, कारण ती नव्हतीच. मग ऑस्कर फुंगस्ट या तरुण अभ्यासकानं दोन साध्या गोष्टी केल्या. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी सोय केली आणि घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावली. दोन्ही वेळा हान्सचं गणित कोलमडलं. खुराकडे बघायला माणूस किंचित वाकला की घोडा ठोके सुरू करायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत जरासं वर उठायचं आणि घोडा थांबायचा. गंमत अशी, की हे सगळं कळल्यावरही फुंगस्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल आवरेना. 1907 साली त्यानं यावर पुस्तक लिहिलं. फॉन ओस्टेन बिचारे शेवटपर्यंत घोड्याला गणित शिकवल्याच्याच समजुतीत. पुढचे प्रयोग त्यांनी बंदच करून टाकले.

तेव्हापासून जनावराच्या डोक्यात काय चाललंय हे तपासताना विचारणाऱ्याचा चेहरा आधी झाका, असा दंडक पडला. यातून ‘घोडा मूर्खच निघाला’ असा निष्कर्ष काढणारेही निघाले. मला तो पटत नाही. शेजारी बसलेल्या माणसालाही न दिसणारी मानेची हालचाल हान्सला दिसत होती. हेच बैलाचं.

हे वाचल्यावर इंदापूरकडच्या एका वाडीत मी आगाऊपणा केला. नंदीवाला ओट्याच्या आडोशाला पाणी प्यायला बसला, तेवढ्यात मी बैलापुढे उभा राहून विचारलं, “यंदा उजनी धरण भरंल का?” बैल रवंथ करत राहिला. पुन्हा विचारलं. त्यानं कान मागं वळवला, ओट्याच्या दिशेनं. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

नंदीवाला तांब्या ठेवून हसत आला. “त्याला तुमचं कसं कळंल दादा? माझा आवाज लागतो त्याला.” कसं शिकवता म्हटल्यावर म्हणाला, खोंड असताना दोरीनं मान खाली घ्यायची, वर घ्यायची, मूठभर कडवळ द्यायचं. हळूहळू दोरी ढिली सोडायची आणि नुसता हेल ठेवायचा. “एवढं झालं की दोरी दिसायला राहती, कामाला नाही.” गणिताच्या मास्तरांना आयुष्यभर जे मान्य झालं नाही ते हा माणूस तांब्याभर पाण्यावर सांगून मोकळा झाला.

“आणि ‘नाही’ कधी म्हणतो का?”

“म्हणतो की. पण दारात कुणी ‘नाही’ ऐकायला धान्य वाढतं व्हय?” त्यानं काठी ओली करून गुबगुबीवर घासली. घरातली म्हातारी सुपात ज्वारी घेऊन बाहेर येत होती. बैलाची मान तिचा प्रश्न येण्याआधीच हलायला लागली.