धुकें आणि टपालाची थैली

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा पराक्रमाच्या बाजूनें लिहितात. कोणी कोणता समुद्र प्रथम ओलांडला, कोण किती उंच गेला, हें आपल्या शाळकरी मुलांसही पाठ असतें. परंतु विमान चालविणारा माणूस कोणाचा तरी नोकर असतो, आणि वेतनासाठीं त्यानें जिवाचा धोका किती पत्करावा याबद्दल त्याचा व धन्याचा तंटा होऊं शकतो, ही गोष्ट त्या ग्रंथांतून क्वचितच वाचावयास मिळते. अमेरिकेंत हा तंटा प्रथम पेटला तो उतारूंच्या विमानांवर नव्हे, तर टपालाच्या थैल्या वाहणाऱ्या विमानांवर. त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या शहरांमध्यें विमानानें टपाल नेण्यास १५ मे १९१८ रोजीं आरंभ झाला. आरंभ मोठा हास्यास्पद होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या देखत वॉशिंग्टनहून उडालेला लष्करी वैमानिक उत्तरेऐवजीं दक्षिणेस गेला आणि एका शेतांत उतरला. ऑगस्टमध्यें टपालखात्यानें हें काम लष्कराकडून आपल्याकडे घेतलें आणि स्वतःचे मुलकी वैमानिक नेमले. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वींच महायुद्ध संपलें व लष्करानें शिकविलेले शेंकडों तरुण वैमानिक बेकार झाले. उडण्यावांचून ज्यांना दुसरें कांहीं गोड लागत नाहीं अशा त्या तरुणांपुढें जत्रेंत कसरती करून दाखविणें किंवा टपालखात्याच्या दारीं उभें राहणें, असे दोनच मार्ग होते. नोकरी एक आणि उमेदवार अनेक, अशी स्थिति असली म्हणजे मालकाचा आवाज चढतोच.

या खात्याचे सूत्रधार ऑटो प्रेगर हे होते. मूळचे वर्तमानपत्रांत काम केलेले, नंतर पोस्टमास्तर झालेले हे गृहस्थ कर्तबगार होते यांत शंका नाहीं. विमानी टपाल जगलें तें त्यांच्या हट्टामुळेंच. परंतु ते स्वतः वैमानिक नव्हते. टपालाची गाडी जशी पाऊसपाणी न पाहतां वेळेवर सुटते, तसेंच विमान सुटलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. काँग्रेसमधील टीकाकार खर्चावर डोळा ठेवून होते. एक फेरी चुकली कीं त्यांच्या हातीं कोलीत मिळे. समोरचें दिसत नसलें तरी होकायंत्रावर उडा, अशा आशयाची तार प्रेगर यांनीं धाडल्याचें सांगतात. त्या काळचें होकायंत्र विमानाच्या हादऱ्यांनीं हेलकावत असे, आणि ढगांत शिरल्यावर आपण सरळ आहों कीं कलंडलों आहों हें सांगणारें विश्वासार्ह यंत्र वैमानिकापुढें नव्हतेंच. तो रेल्वेचे रूळ व नद्या पाहत वाट काढी. धुक्यांत त्याला रूळ दिसण्याइतकें खालीं यावें लागे, आणि खालीं आलें म्हणजे झाडें, टेकड्या व देवळांचे मनोरे आडवे येत.

जुलै १९१९ मध्यें पूर्व किनाऱ्यावर धुक्यानें ठाण मांडलें. २२ तारखेस न्यूयॉर्कजवळील बेलमाँट पार्क या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावरून टपालाचें विमान सुटावयाचें होतें. लिऑन स्मिथ या वैमानिकानें हवा पाहून उडण्यास नकार दिला. त्याच्या जागीं हॅमिल्टन ली यास बोलाविलें; त्यानेंही नकार दिला. प्रेगर यांनीं दोघांसही कामावरून काढून टाकलें. बडतर्फीची वार्ता पसरतांच इतर वैमानिकांनीं कळविलें कीं, या दोघांस परत घेतल्यावांचून आम्ही उडणार नाहीं. वैमानिकांच्या संघाचें तेव्हां नांवही नव्हतें. वर्गणी नाहीं, सभासदत्व नाहीं, ठराव नाहीं. मूठभर माणसें होतीं आणि आपल्यांतले कोण कसे मेले हें प्रत्येकास ठाऊक होतें.

त्यांनीं पगारासाठीं काम थांबविलें नव्हतें, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. त्यांची मागणी एवढीच होती कीं, उड्डाणाजोगी हवा आहे किंवा नाहीं हें मैदानावर उभा असलेल्या माणसानें ठरवावें, शेंकडों मैल दूर कचेरींत बसलेल्यानें नव्हे. वर्तमानपत्रांनीं हा प्रश्न उचलून धरला. प्रेगर यांस वाटाघाटीस बसावें लागलें, आणि थोडक्याच दिवसांत संप मिटला. ली यास परत घेतलें. स्मिथ यास घेतलें नाहीं. पहिला नकार ज्यानें दिला त्यानेंच घरीं बसावें, हा न्याय आम्हांस तरी न्याय वाटत नाहीं. परंतु तडजोडी बहुधा अशाच होतात. हवेचा निर्णय मैदानावरील व्यवस्थापकाकडे आला. आणि वैमानिक नाहीं म्हणत असतां व्यवस्थापक हो म्हणत असेल, तर व्यवस्थापकानें स्वतः वर जाऊन पाहावें, असें ठरलें. तो वैमानिक नसेल तर त्यानें टपालाच्या थैल्यांच्या जागीं बसून वर जावें! कामगारांच्या तंट्यांत इतकें मार्मिक कलम आमच्या वाचनांत दुसरें नाहीं.

मृत्यु त्यामुळें थांबले असें मात्र नाहीं. १९२७ सालीं टपालखात्यानें हें काम पूर्णपणें खासगी कंपन्यांच्या हवालीं केलें, तोंवर तीसांहून अधिक वैमानिक कामीं आले होते. ली यांनीं मात्र विमानें चालवीत १९४९ सालीं निवृत्ति घेतली आणि १९९४ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय १०२ वर्षांचें होतें.

पुढची हकीकत भराभर सांगतां येईल. मंदीच्या दिवसांत कंपन्यांनीं वेतन उतरविण्यास आरंभ करतांच १९३१ सालीं डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकारानें वैमानिकांचा संघ स्थापन झाला. १९३४ च्या निवाड्यानें वेतनाची रीति ठरली व उड्डाणाची महिन्याची मर्यादा ८५ तास झाली. आणि ज्या कंपनीस सरकारी टपालाचा मक्ता हवा असेल तिनें हा निवाडा पाळलाच पाहिजे, असें त्याच वर्षींच्या कायद्यानें बजावलें. म्हणजे ज्या थैलीपायीं माणसें मेलीं, तीच थैली पुढें त्यांच्या संरक्षणास आली.

माल वाहणाऱ्या विमानांचें जग मात्र उतारूंच्या विमानांपासून हळूहळू निराळें पडत गेलें, कारण माल रात्रीं प्रवास करतो. आपल्याकडेही जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं सुटणारीं विमानें नागपुरास एकत्र येत, मध्यरात्रीनंतर थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेस आपापल्या गांवीं परतत. एप्रिल १९७३ मध्यें फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्सप्रेस कंपनीनें मेम्फिस येथें नेमकी हीच घडी बसविली. पहिल्या रात्रीं तिच्याकडे १४ विमानें होतीं आणि पार्सलें अवघीं १८६. या कंपनीचे वैमानिक पुष्कळ वर्षें संघावांचून राहिले. १९८९ सालीं तिनें फ्लाइंग टायगर ही जुनी मालवाहू कंपनी विकत घेतली, तेव्हां प्रश्न आला तो ज्येष्ठतेच्या यादीचा. वैमानिकाचें विमान, मार्ग, सुट्टी व वेतन हीं सर्व त्या यादींतील क्रमांकावर ठरतात. कंपनी बदलणारा कितीही अनुभवी असला तरी नव्या यादीच्या तळाशीं जातो. दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र विणणें म्हणजे दोन कुटुंबांच्या वडिलोपार्जित जमिनी एकत्र करून वांटण्यासारखें आहे. चार वर्षांनीं, १९९३ सालीं, तेथील वैमानिकांनीं संघ निवडला, मग तो बदलला, आणि १९९९ सालीं त्यांचा पहिला करार झाला.

परंतु १९१९ चा मूळ प्रश्न पगाराचा नव्हता, आणि तो मिटलेलाही नव्हता; धुक्याची जागा झोपेनें घेतली एवढेंच. २००९ सालीं बफेलोजवळ उतारूंचें विमान कोसळून पन्नास माणसें दगावलीं, त्यानंतर अमेरिकेंत वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम झाले. ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. मालवाहू विमानें त्यांतून वगळलीं. खर्च फार व लाभ थोडा, हें सरकारनें दिलेलें कारण. लाभ म्हणजे वांचणारे जीव. आणि थैल्यांच्या विमानांत ते बहुधा दोनच असतात.

नियम लागू होण्यास कांहीं महिने राहिले असतां, १४ ऑगस्ट २०१३ रोजीं पहाटे, यूपीएस कंपनीचें मालवाहू विमान बर्मिंगहॅम येथें उतरतांना टेकडीवर आदळलें व दोन्ही वैमानिक ठार झाले. चौकशीनें मुख्य दोष त्यांच्या उतरण्याच्या रीतीस दिला; सहवैमानिक स्त्रीच्या थकव्याचाही उल्लेख केला, आणि मिळालेली विश्रांति तिनें नीट घेतली नव्हती असेंही नमूद केलें. तेव्हां नवे नियम असते तर विमान वांचलें असतें, असा दावा कोणी करूं नये. तथापि विमानांतील ध्वनिलेखन यंत्र सांपडलें, त्यांत त्या शेवटच्या उड्डाणापूर्वींचें दोघांचें संभाषण होतें. दोघें बोलत होतीं तीं याच नियमांविषयीं: मालवाहू वैमानिकांस त्यांतून कां वगळलें.

त्या कंपनीच्या वैमानिकांच्या संघानें सरकारविरुद्ध दाद मागितली होती. २०१६ सालीं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें ती फेटाळली आणि सूट कायम राहिली.