मेम्फिस गट

फर्निचरने मुकाट्याने उपयोगी पडावे, या आधुनिकतावादी शिस्तीची खोडी काढणारा इटलीच्या मिलान शहरातील अभिकल्पकांचा गट. वास्तुविशारद एत्तोरे सोत्सास (१९१७–२००७) यांच्या घरी डिसेंबर १९८० मध्ये तरुण सहकाऱ्यांची बैठक झाली. त्या वेळी बॉब डिलनचे एक गाणे लागले होते. गटाचे नाव त्यातलेच. पहिले प्रदर्शन सप्टेंबर १९८१ मध्ये मिलानलाच भरले.

सोत्सास यांचे ‘कार्लटन’ (१९८१) ही गटाची सर्वांत गाजलेली कृती. सुमारे दोन मीटर उंचीची ही मांडणी पुस्तकांसाठीही आहे आणि खोलीत आडोसा म्हणूनही. मध्ये दोन लाल खण, वर हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी आकृती. बऱ्याच फळ्या तिरक्या आहेत. त्यांच्या कडेची पुस्तके कलंडूनच राहतात, आणि ते मुद्दाम केलेले आहे. कपाट म्हणून ते गैरसोयीचे, हे नाकारण्यात अर्थ नाही. खरी मिश्किली साहित्यात आहे : कॉफीच्या टपऱ्यांत आणि स्वयंपाकघरांत वापरला जाणारा, आपल्याकडे सनमायका म्हणून ओळखला जाणारा प्लॅस्टिकचा पत्रा येथे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आला, आणि तोही महागड्या किमतीला.

मार्तिन बेदँ यांचा चाकांवरचा ‘सुपर’ दिवा आणि मासानोरी उमेदा यांची मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारखी बैठक ‘तावाराया’ याही १९८१ च्याच. फॅशन अभिकल्पक कार्ल लागरफेल्ड यांनी मोंते कार्लोतील आपले घर मेम्फिसच्या वस्तूंनी सजवले. सोत्सास १९८५ मध्ये गटातून बाहेर पडले.