कोलायटिसवरील पाळतीची कुळकथा

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज येऊन व्रण पडत राहण्याचा विकार, आणि कर्करोग यांचा संबंध न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व रोझेनबर्ग यांनी १९२५ साली नोंदवला. मात्र पुढची चाळीसएक वर्षे, कोणाचे आतडे वेळीच काढून टाकावे हे ठरवायला आजार किती जुना आणि किती पसरलेला, एवढाच काय तो आधार होता.

पाळतीची खरी सुरुवात १९६७ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात झाली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ बेसिल मॉर्सन आणि त्यांच्या सहकारी पँग यांनी दाखवून दिले, की अशा आतड्यात कर्करोग उगवण्यापूर्वी अस्तरातील पेशींची केंद्रके मोठी व गडद होतात, त्यांची ओळ विस्कटते, आणि हा बदल गाठीपासून दूर, गुदाशयातही सापडू शकतो. तेव्हा तिथला तांदळाच्या कणीएवढा तुकडा सूचना देऊ शकेल. या बदलाला डिसप्लेशिया म्हणतात. पाळतीची कल्पना सूक्ष्मदर्शकाखाली जन्मली आणि लवचीक दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपने, तिला पुढे संपूर्ण आतड्याचा आवाका दिला, हा क्रम सहसा उलटा सांगितला जातो.

१९८३ साली रिडेल आणि सहकाऱ्यांनी डिसप्लेशियाची नाही, अनिश्चित, सौम्य व तीव्र अशी प्रतवारी रूढ केली. दुर्बीण मागे घेताना दर दहा सेंटिमीटरला चारही बाजूंनी एकेक तुकडा घ्यायचा, असे तीसहून अधिक तुकडे जमवायचे, ही पद्धत बसली. तरी एवढ्या खटाटोपातून अस्तराचा एक टक्काही तपासला जात नसे. म्हणून २००३-०४च्या सुमारास जर्मनी व इंग्लंडमध्ये अस्तरावर निळा रंग फवारून पाहण्याचे प्रयोग झाले. त्यांतला इंडिगो कार्मिन हा निळीच्याच कुळातला. तो खाचांत साचतो आणि सपाट डागांच्या कडा उठून दिसू लागतात. आज पहिली तपासणी साधारणपणे आजाराच्या आठव्या ते दहाव्या वर्षी होते आणि पुढचे अंतर जोखमीनुसार ठरते. यकृतातील पित्तनलिका सुजून आकसण्याचा आजार जोडीला असेल, तर ती दरवर्षी करावी लागते.

या सगळ्या व्यवस्थेतून निसटते ते आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स. मोठ्या आतड्याच्या आरंभी त्याचे चिंचोळे तोंड दिसते, परंतु नेहमीची दुर्बीण आत शिरत नाही. त्यामुळे तिथे श्लेष्मा साठवत वाढणारी गाठ असली, तर तोंडाशी आलेला फुगवटा किंवा पाझरणारा श्लेष्मा एवढीच खूण मिळते, आणि पुष्कळदा तीही मिळत नाही. गाठ फुटल्यास हा श्लेष्मा पोटाच्या पोकळीत पसरू शकतो. अशा गाठी बहुधा सीटी स्कॅनमध्ये किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या आतड्यात अनपेक्षितपणे आढळतात. म्हणून कोलायटिससाठी काढलेल्या आतड्याची तपासणी करताना आंत्रपुच्छाचे टोक उभे चिरून पाहतात आणि श्लेष्मल गाठीचा संशय आल्यास संपूर्ण आंत्रपुच्छाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.