जिने चढणारे वाहक आणि रक्तदाबाचा इतिहास

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने श्रम करावेत की टाळावेत, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वादाचा विषयच नव्हता. विश्रांती हेच उत्तर गृहीत धरलेले होते. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोत्ची यांनी दंडाला बांधायची हवेची पट्टी तयार केली आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी तिच्याखालील धमनीचे आवाज ऐकून रक्तदाब मोजण्याची रीत सांगितली. धावताना किंवा ओझे उचलताना हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा, म्हणजे वरचा, दाब वाढतो हे उघडच होते. म्हणून ज्याचा दाब आधीच जास्त आहे त्याने हालचाल आवरावी, असा निष्कर्ष सहज निघाला. त्याच्या विरुद्ध जाणारी नोंदही जुनीच होती: लिओनार्ड हिल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये धावून झाल्यावर दाब पूर्वीपेक्षा खाली उतरतो असे नोंदवले होते, परंतु उपचारांच्या विचारात त्या नोंदीला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही.

या प्रश्नाला नवे वळण रुग्णालयाने नव्हे, तर लंडनच्या दुमजली बसने दिले. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ पासून लंडन ट्रान्सपोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. मुंबईच्या डबलडेकर पाहिलेल्या वाचकाला या दोन कामांमधला फरक समजावून सांगावा लागणार नाही: चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी सुमारे ६०० पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार वाहकांत कमी होता, उशिरा उद्भवत होता आणि कमी घातक ठरत होता. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे त्यांचे सहकारी यांच्यातही असाच फरक दिसला.

मात्र जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील, तर दोष आसनाला कसा द्यावा? ही शंका रास्त होती आणि मॉरिस यांच्याच गटाने ती पुढे आणली. गणवेशांच्या मापांवरून त्यांनी १९५६ मध्ये दाखवले की चालकांचा कंबरेचा घेर वाहकांपेक्षा सरासरीने मोठा होता, आणि तोही तरुण वयापासूनच. आपल्याच सिद्धान्ताला अडचणीचा ठरणारा पुरावा असा उघड मांडणे, हे या संशोधनाचे सर्वांत मोठे बळ मानले पाहिजे. पुढे बस कर्मचाऱ्यांचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा तो चालकांमध्ये अधिक आढळला. शिवाय ज्यांचा दाब जास्त होता त्यांना पुढे हृदयविकार होण्याचा संभवही जास्त होता.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्डच्या सुमारे १५,००० माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. जोरकस खेळ न खेळणाऱ्यांना उच्च रक्तदाब होण्याचा धोका खेळणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के अधिक होता; मात्र जिने चढणे व चालणे यांचा वेगळा परिणाम त्यात दिसला नाही. त्यावरून वाहकांचे जिने निरर्थक ठरत नाहीत, कारण घरातले मोजके जिने आणि पाळीभर चालणारी चढउतार यांत मोठे अंतर आहे. त्यानंतरच्या नियंत्रित चाचण्यांनी हा प्रश्न बराच मिटवला: नियमित, मध्यम गतीच्या व्यायामाने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब साधारण ५ ते ८ मिलिमीटर पाऱ्याने उतरतो, कारण रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो आणि रक्तप्रवाहाला होणारा अवरोध घटतो. फार चढलेला दाब आधी औषधांनी आटोक्यात आणावा आणि श्वास रोखून जड वजन उचलू नये, ही सावधगिरी मात्र कायम राहिली.

दरम्यान, ज्या कामातून हे ज्ञान आले ते कामच मागे पडत गेले. १९६० च्या दशकापासून लंडनमध्ये वाहकाविना, एकट्या चालकाच्या बस वाढू लागल्या, आणि मॉरिस सरकारी कचेऱ्यांतील बैठ्या कारकुनांच्या फावल्या वेळातील व्यायामाकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रौढ रुग्णांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीची शिफारस केली. वाहकाला ती हालचाल पगारी वेळेतच घडत होती. आज दोन पाळ्यांमध्ये अडकलेल्या रुग्णाला ती मिनिटे स्वतःच्या उरलेल्या वेळातून काढावी लागतात, आणि तो वेळ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.