पेट्रोल पंप, मोबाईल आणि जुनी गाडी: टपरीवरच्या गप्पांतलं खरं किती, खोटं किती?

मी मूळचा भोरचा, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या काकांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, तीच जिला अजूनही सगळे 'फियाट' म्हणतात. रविवारी सकाळी काका ती बाहेर काढतात आणि कापूरहोळला एका चहाच्या टपरीवर थांबतात. तिथे एक-दोन मारुती ८०० वाले, एक जीपवाले दादा आणि ॲम्बेसेडरवाले अण्णा हमखास भेटतात. विषय ठरलेले: कार्ब्युरेटर, ॲव्हरेज, अमका पार्ट कुठे मिळतो, आणि पेट्रोल पंपावर काय करावं, काय करू नये.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पंपावर गेलो. पेमेंट करायला मी फोन काढला तर काका ओरडले, "आधी तो मोबाईल आत ठेव, पेटवशील सगळं!" मी ठेवला. त्याच वेळी बॉनेटमधून पेट्रोलचा वास येत होता, पण "जुनी गाडी आहे, वास येणारच" म्हणून आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केलं. थोडं पुढे गेल्यावर वास वाढला. बॉनेट उघडलं तर कार्ब्युरेटरला जाणाऱ्या रबरी पाइपला चीर गेलेली आणि पेट्रोल थेंब थेंब गरम इंजिनवर पडत होतं. स्पार्क देणारा डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी त्याच बॉनेटखाली होत्या.

म्हणजे ज्याची भीती वाटत होती तो फोन खिशात होता, आणि खरा धोका आम्ही सोबत घेऊन फिरत होतो. त्या दिवसापासून टपरीवरचा एकेक दावा मी तपासायला लागलो. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतोय.

आधी बेसिक: पेटतं ते पेट्रोल नाही, वाफ

द्रव पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट साधारण उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत उघड्या पेट्रोलवर पेटण्याइतकी वाफ तयार असते. मात्र हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच आग लागते. त्यापेक्षा कमी किंवा जास्त असेल तर नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते.

आग लागायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: योग्य प्रमाणात वाफ, हवा आणि ठिणगी. पुढचा प्रत्येक दावा या तिन्हींवर घासून बघा.

दावा १: मोबाईलमुळे पंपावर आग लागते

४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्तीने सिग्नल पाठवतो. इतक्या कमजोर रेडिओ लहरींनी पेट्रोलची वाफ पेटत नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी गोळा केल्या. मोबाईलवर ढकललेल्या घटनांच्या मुळाशी त्यांना फोन सापडला नाही. अनेक आगींमागे निघालं ते स्टॅटिक, म्हणजे स्थिर विद्युत.

मग पंपावर बोर्ड का असतो? कारण तुमचा फोन अशा ज्वलनशील जागेसाठी तपासून प्रमाणित केलेला नसतो. पंपाच्या मशीनमधली विजेची उपकरणं मात्र तशी प्रमाणित असावी लागतात. आपल्या देशात पेट्रोल साठवण्याचे परवाने आणि सुरक्षेचे नियम पेसो ही केंद्रीय संस्था बघते, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. दुसरं कारण अगदी साधं आहे: फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला सांडलेलं पेट्रोल दिसत नाही.

निकाल: आग लागण्याचं कारण म्हणून दावा खोटा, पण नियम पाळायचाच. नोझल मशीनला परत अडकवल्यावर, गाडीपासून दोन पावलं बाजूला होऊन क्यूआर स्कॅन करा.

दावा २: स्टॅटिक-बिटिक आपल्याकडे नसतं

हे अण्णांचं आवडतं वाक्य. आता थोडं गणित करू. माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स साधारण १५० पिकोफॅरड धरली आणि सीटवर घासून अंगावर ५००० व्होल्टचा चार्ज जमला, तर ऊर्जा होते जवळपास १.९ मिलिज्यूल. पेट्रोलची वाफ पेटायला ०.२ मिलिज्यूलच्या आसपास पुरते. म्हणजे हिवाळ्यात गाडीतून उतरून दाराला हात लावल्यावर जो बारीकसा 'चट्' बसतो, तोही योग्य जागी पडला तर पुरेसा आहे.

पावसाळ्यात आपल्या भागात हवा इतकी ओली असते की चार्ज टिकत नाही. पण थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात तो टिकतो. आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा माणूस भरतो, त्यामुळे चारचाकीत हा धोका कमी होतो. दुचाकीचं तसं नाही. अनेक जण गाडीवर बसूनच टाकी उघडतात, म्हणजे वाफ थेट मांडीजवळ.

निकाल: दावा खोटा. दुचाकीवरून खाली उतरा. टाकीचं झाकण उघडण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. पेट्रोल भरत असताना आत-बाहेर करू नका.

दावा ३: बाटलीत पेट्रोल नेलं तर काय होतंय?

वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, हा प्रश्न खराखुरा आहे. केळद, पासलीसारख्या आतल्या गावांना चेलाडी-नसरापूरचा हायवे लांब पडतो. त्यामुळे पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल नेण्याची सवय जुनी आहे.

अडचण अशी, की पातळ प्लास्टिक चार्ज जमिनीत जाऊ देत नाही. उन्हात वाफेचा दाब वाढून बाटली फुगते, झाकणातून गळते. आणि घरात ठेवलेली ती बाटली लहान मुलाला पाण्याची वाटते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटते.

पेट्रोल न्यावंच लागलं तर इंधनासाठी बनवलेला, घट्ट झाकणाचा कॅन वापरा. भरताना तो जमिनीवर ठेवा, पिकअपच्या हौद्यात किंवा डिकीतल्या रबरी मॅटवर नको. जमिनीवर ठेवल्याने चार्ज निघून जातो. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या आणि कॅन काठोकाठ भरू नका.

निकाल: बाटली नको म्हणजे नको.

दावा ४: उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो

दर एप्रिल-मे महिन्यात इंडियन ऑइलच्या नावाने हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. कंपनीने तो जाहीरपणे नाकारला आहे. पेट्रोल आपोआप पेटायला २५० अंशांच्या पुढे तापमान लागतं. उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याच्या जवळपासही जात नाही.

यात अर्धं सत्य एवढंच, की पेट्रोल प्रसरण पावतं, अंशाला साधारण ०.१ टक्का. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर पाऊण लिटरच्या वर वाढतं. त्यासाठी टाकीत जागा सोडलेली असते. पण नोझल 'टक्' करून बंद झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणत गळ्यापर्यंत भरलं की ती जागा संपते. नव्या गाडीत जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो खराब करू शकतं. जुन्या गाडीत ते झाकणातून बाहेर ठिबकतं.

निकाल: स्फोटाचा दावा खोटा. पहिल्या 'टक्'ला थांबायचं.

दावा ५: सकाळी भरा, ११० चं भरा, जास्त मिळतं

पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं. तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी १० लिटरमागे २० मिली, म्हणजे दोनेक रुपये.

११० चं गणितही तसंच. मशीन रकमेला दराने भागून लिटर काढतं. कोणी चोरीच करायची ठरवली तर ती ११० मध्येही होते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर छापे टाकले, तेव्हा मापात मारणाऱ्या चिप सापडल्या होत्या.

निकाल: दोन्ही खोटे. शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते तपासून मागणं हा तुमचा हक्क आहे.

दावा ६: घाटात बंद पडली तर पंपावर ओला कपडा टाका

इथे म्हातारी मंडळी शंभर टक्के बरोबर! भोरहून वरंधा घाटाने महाडला जाताना जुनी गाडी उन्हाळ्यात बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. याला व्हेपर लॉक म्हणतात. जुन्या गाडीत फ्युएल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. इंजिन तापलं की आतलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि द्रवासाठी बनवलेल्या पंपाला ती ओढता येत नाही. ओल्या कपड्याने पंप थंड होतो, वाफेचं परत पेट्रोल होतं.

पण अशा वेळी कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगण्याचा जो 'देशी जुगाड' आहे, तो करू नका. इंजिनने बॅकफायर केलं तर ज्वाळा थेट तोंडावर येते.

निकाल: ओला कपडा हो, वरून पेट्रोल नाही.

आणि ज्याबद्दल टपरीवर कोणी बोलत नव्हतं

तो म्हणजे पाइप. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, म्हणजे ई२० ची, सुरुवात झाली. आता ते सर्वत्र आलंय. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट आणि पंपाचे डायफ्राम इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. इथेनॉलमुळे असं रबर फुगतं, कडक होतं आणि त्याला चिरा पडतात. आमच्या पद्मिनीचा पाइप नुसता वयाने गेला की इथेनॉलने, हे मेकॅनिकलाही ठामपणे सांगता आलं नाही. बदलायला मात्र तो काही मोठा खर्च नव्हता.

घरात जुनी कार किंवा जुनी बाईक असेल तर एवढं करा:

१. इंजिन थंड असताना पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप हाताने वाकवून बघा. चीर, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला तर लगेच बदला.
२. नवा पाइप घेताना "इथेनॉलला चालणारा, पेट्रोलचाच" असं सांगून घ्या. पाण्याची नळी चालत नाही. क्लिपही नव्या टाका.
३. पेट्रोलचा वास आला की इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या. वास 'नॉर्मल' नसतो.
४. गाडीत एक किलोचा ड्राय पावडरचा अग्निशामक ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.
५. पंपावर भरतानाच आग लागली तर नोझल ओढून काढू नका. ओढलं तर पेटतं पेट्रोल उडतं. लांब पळा आणि ओरडून मशीन बंद करायला लावा.

आता काका पंपावर जाण्याआधी स्वतः बॉनेट उघडून पाइपवरून हात फिरवतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "मोबाईल आत ठेव." मी ठेवतो. दोन्ही गोष्टी झाल्या की आम्ही निघतो.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीचा पाइप शेवटचा कधी बदललाय? आज घरी गेल्यावर एकदा विचारा.